येतो की जातो

पृथ्वीच्या टोकाला जाऊन आलेल्या माणसांची नावं बर्फावर कायमची कोरली जातात, असं ध्रुवीय कार्यालयाच्या जिन्यात सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं. बर्फावर कायमचं काहीच राहत नाही याची कार्यालयालाही कल्पना असावी, कारण वाक्य संगमरवरावर कोरलं होतं. तरी 'कायमची'मधला 'म' केव्हाच गळून पडला होता, आणि ती नावं आता नुसतीच 'कायची' कोरली जात होती.

पुतण्या हा जिना तरुणपणापासून चढत होता. त्याला स्वतःचं नाव होतं, कॉलेजात भूगोल शिकवायची नोकरी होती, बायको होती आणि अलीकडे दुखरा गुडघाही होता. पण या इमारतीत तो फक्त पुतण्या होता. "पुतणे आलेत, बसवा त्यांना." "पुतण्यांना साखर कमी." बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिपायाने चुकून त्याला आडनावाने हाक मारली, तेव्हा त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

ज्याचा तो पुतण्या, तो काका दक्षिणेच्या बर्फात मुक्काम करणाऱ्या पहिल्या तुकडीत होता. सहा जण गेले, लाकडी झोपडीत हिवाळा काढला, आणि पाच जण परत आले. काका हवामानवाला होता. दर तीन तासांनी बाहेर जायचं, थंडी किती, वारा किती ते बघायचं, टिपायचं आणि आत यायचं. एका वादळात तो बाहेर गेला आणि त्यातलं शेवटचं काम तेवढं राहिलं.

पुढे तुकडीच्या कप्तानाच्या नावाने रस्ता झाला, शाळा झाली, टपालाचं तिकीट निघालं. बर्फावर पहिलं संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याला कप्तानाचं नाव दिलं. दुसरं झालं, त्याला जहाजाचं दिलं. कप्तानाच्या कुत्रीलासुद्धा एक भूशिर मिळालं. काकाचा फोटो कार्यालयाच्या बोळात, प्रसाधनगृह आणि आग विझवायचं नळकांडं यांच्या मधोमध लावला होता. आग लागली असती तर निदान धावपळीत कोणाचं तरी लक्ष गेलं असतं.

आता तिसरं केंद्र बांधून होत आलं होतं, आणि नामकरण समितीने काकाचं नाव 'विचाराधीन' ठेवलं होतं. पुतण्याला स्वतःला या नावाचं फारसं कौतुक उरलं नव्हतं. कौतुक होतं ते काकूला.

काकूने लग्नानंतर काकाबरोबर जेमतेम एक उन्हाळा काढला होता. मग ती दिराच्या घरी, मागच्या खोलीत राहायला आली, आणि अजून तिथेच होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने उभी हयात दुसऱ्यांचे फोन जोडून दिले. पुतण्याला लहानाचं मोठं केलं तेही तिनेच. आता तिला दिसत नव्हतं, पण कान असे तिखट होते की स्वयंपाकघरात पुतण्याच्या बायकोने डोळे फिरवले तर तेसुद्धा मागच्या खोलीत ऐकू जायचे.

रोज संध्याकाळी बातम्यांनंतर रेडिओवर हवामान सांगत. सगळ्यात शेवटी दक्षिणेची दोन केंद्रं असत. आधी कप्तानाचं नाव आणि थंडीचा आकडा, मग जहाजाचं नाव आणि आकडा.

"आज कप्तान उणे अडतीस," काकू सांगायची. "गारठू दे मेल्याला."

"काकू, कप्तान जाऊनही आता वीस वर्षं झाली."

"मग काय झालं? गारठायला जिवंत कशाला लागतो माणूस?"

आणि मग, रेडिओ बंद करता करता, तिचं ठरलेलं वाक्य यायचं. "एकदा ह्यांचं नाव घेऊन सांगू दे कोणीतरी, आज तिथे किती थंडी आहे ते. एकदा ऐकलं की मी मोकळी."

डॉक्टरांनी नुकतंच तिचं हृदय तपासून "दमलंय आता, त्यांना काय हवं ते करू द्या" असं सांगितलं होतं. दुकान बंद करताना डॉक्टर असंच बोलतात, असं पुतण्याच्या बायकोचं म्हणणं होतं.

समितीच्या खोलीत एक मोठा पृथ्वीगोल होता. त्याचा खालचा भाग पितळी बैठकीत घट्ट बसवल्यामुळे ज्या खंडाचा कारभार या खोलीतून चाले, ते खंड तेवढं दिसत नसे. गोलाशेजारी सर्दी झालेले अध्यक्ष बसले होते. त्यांच्या डावीकडे नियमांच्या सचिवबाई आणि उजवीकडे भाषातज्ज्ञ. नावात भाषा असते, म्हणून समितीवर एक भाषातज्ज्ञ असे.

"निकष सोपे आहेत," सचिवबाई म्हणाल्या. "ध्येयासाठी प्राणार्पण असेल तर केंद्र. अपघात असेल तर टेकडी. आजारपण असेल तर खाडी."

"आणि म्हातारपण?" पुतण्याने विचारलं.

"म्हातारपणाची तरतूद नाही."

"टेकडी केव्हाही देऊ," अध्यक्ष नाक पुसत म्हणाले. "टेकड्या पुष्कळ आहेत. तुम्ही निवडा हवी ती. चांगली उतरती बघून घ्या."

"टेकडीची थंडी रेडिओवर सांगतात का?"

"टेकडीवर जाऊन कोण मोजणार हो?"

आता भाषातज्ज्ञांनी घसा साफ केला. पगार याच क्षणासाठी मिळतो हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "सगळा प्रश्न एका शब्दाचा आहे," ते म्हणाले. "दारातून बाहेर पडताना आपले काका काय म्हणाले? 'येतो' म्हणाले असतील तर परत यायच्या बेताने गेले. आले नाहीत, म्हणजे अपघात. 'जातो' म्हणाले असतील तर समजून उमजून गेले. मागे राहिलेल्यांना अन्न पुरावं म्हणून. म्हणजे प्राणार्पण."

"पण निघताना सगळे 'येतो'च म्हणतात. मीही म्हणतो. तुम्हीही म्हणता."

"म्हणूनच तर 'जातो'ला वजन आहे," भाषातज्ज्ञ तृप्त होऊन म्हणाले.

कप्तान त्याच्या व्याख्यानांत नेहमी 'जातो'च सांगायचा. दारात उभा राहिल्याचा अभिनय करायचा, थांबायचा, 'जातो' म्हणायचा, आणि सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज सुरू व्हायचे. पण त्याच व्याख्यानांत तो एकट्याने अस्वल मारल्याचंही सांगायचा, आणि दक्षिणेला अस्वलं नसतात हे नंतर कोणीतरी निदर्शनाला आणलं होतं. त्यामुळे समितीला आता दुसरी साक्ष हवी होती. तुकडीतला कोणी, नाहीतर घरचं माणूस.

"घरून काय सांगतात?" सचिवबाईंनी विचारलं.

"विचारून सांगतो," पुतण्या म्हणाला, आणि निघताना दारात त्याच्या तोंडून "येतो" गेलंच. भाषातज्ज्ञांनी मान डोलावली.

काकूला त्याने जेवताना विचारलं, अगदी सहज, जसं मीठ मागावं तसं.

"हे 'जातो' म्हणतील?" काकू हसलीच. "दात काढायला निघाले तेव्हासुद्धा 'येतो' म्हणाले. आणि आले की. घाबरून दात तसाच घेऊन आले."

"वादळात कदाचित वेगळं..."

"छोट्या," ती म्हणाली. पुतण्या निवृत्तीला टेकला होता, पण तिच्यासाठी तो छोट्याच होता. "बंदरावर माझ्याकडे बघून काय म्हणाले? 'येतो.' माझ्या खोलीच्या मागच्या दाराला दोन कड्या आहेत. वरची कडी मी त्या दिवसापासून लावलेली नाही. खालची बाहेरून काडी घालून निघते, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. वरची नाही निघत."

पुतण्याचा घास हातातच राहिला. लहानपणी कित्येकदा त्याने वरची कडी लावायला हात उंचावला होता आणि टपली खाल्ली होती. कडी उंच आहे म्हणून टपली बसते, अशी त्याची समजूत होती.

तुकडीतला एकच माणूस आता हयात होता, तो म्हणजे आचारी. तो वृद्धाश्रमात, गाड्या लावायच्या जागेवर उघडणाऱ्या खिडकीच्या खोलीत होता. पुतण्या गेला तेव्हा तो समोरच्या वाटीतल्या पातळ पदार्थाकडे वैऱ्याकडे बघावं तसा बघत होता.

"काय आहे हे?" त्याने पुतण्यालाच विचारलं.

"सूप असावं."

"असावं! साठ वर्षांपूर्वी मी असं दिलं असतं तर मलाच बाहेर हाकललं असतं. कोण तुम्ही?"

पुतण्याने सांगितलं. आचाऱ्याने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नाक तेच. तोही असाच सगळ्यांत खुपसायचा. बोला."

"काका शेवटचे बाहेर पडले, तेव्हा काय म्हणाले? 'येतो' की 'जातो'?"

"त्याच्या तोंडात पेन्सिल होती."

"म्हणजे?"

"पेन्सिल हो, पेन्सिल! हातात मोजे चढवताना माणूस पेन्सिल कुठे धरणार? दातांत. रोज तसाच जायचा. दारातून म्हणाला, 'ॲ-ओ.'"

"म्हणजे 'येतो'?"

"ॲ-ओ."

"की 'जातो'?"

"म्हणून बघा की तुम्हीच."

पुतण्याने खिशातलं पेन काढलं, दातांत आडवं धरलं आणि म्हणाला, "ॲ-ओ." मग दुसरा शब्द म्हणाला, "ॲ-ओ." दारातून जाणारी परिचारिका थबकली, धावत आत आली आणि तिने त्याला दोन्ही हात वर करायला लावून जीभ बाहेर काढून दाखवायला सांगितली. झटका आलेला नाही याची खात्री करून ती गेली, तेव्हा आचाऱ्याला हसून हसून ठसका लागला होता.

"बघितलंत? तेच ते."

"मग पुढे काय झालं?"

"पुढे काय? आम्ही वाट पाहिली."

"किती वेळ?"

"डाव संपेपर्यंत. पत्ते चालले होते."

"आणि डाव संपल्यावर?"

"कप्तानाने परत वाटले." आचाऱ्याने वाटी लांब सारली. "आम्हाला वाटलं रुसून कोठीत बसला असेल. बसायचा तसा. सकाळीच माझी न् त्याची साखरेवरून जुंपली होती. दुसऱ्या दिवशी वारा पडला, तेव्हा गेलो बघायला. दारापासून यंत्रांपर्यंत बांधलेली दोरी होती. तो नव्हता."

"म्हणजे अन्न संपलं नव्हतं?"

"संपतंय कसलं! बिस्किटांचे तीन खोके परत आणले की आम्ही. बंदरावर उंदरांनी खाल्ले."

"मग 'जातो' कोणी काढलं?"

"कप्तानाने. परतताना, जहाजावर." आचारी पहिल्यांदाच आवाज उतरवून बोलला. "'येतो' म्हणाला असं सांगितलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं, मग आला नाही तेव्हा तुम्ही काय करत होतात? 'जातो' म्हटलं की विचारत नाही कोणी. मोठा माणूस होता हो कप्तान. डोकं चालायचं त्याचं."

पुतण्याने खिडकीबाहेर पाहिलं. एक बाई एकाच जागेत गाडी घालायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती.

"तुम्हाला कुठलं हवंय?" आचारी म्हणाला. "मी दोन्हींवर सही देतो. बदल्यात त्या नर्सबाईला सांगून मला मीठ मिळवून द्या."

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली नाही.

"मग 'जातो' सांगून टाका."

"पण ते खरं नाही."

"'येतो' तरी खरं आहे का? तुम्हीच म्हणालात, पेन्सिल होती. पेन्सिलीच्या नावाने केंद्र मिळतंय का बघा."

"काकूला कळलं तर?"

"तिला दिसत नाही, ती वाचत नाही, कुठे जात नाही. समितीत काय बोललात ते तिला सांगायला कोण येणार आहे? नाव कानावर पडेल, समाधानाने डोळे मिटेल." मग आवाज खाली आणून, "अहो, किती दिवस काढणार आहे ती?"

मागच्या खोलीत रेडिओ चालू होता, त्यामुळे हे ऐकू गेलं नसावं. निदान दोघांनी तसं धरून चालायचं ठरवलं.

समितीच्या पुढच्या बैठकीला पुतण्या खरं सांगायचं ठरवून गेला. माणूस काही ठरवून गेला की त्या खोलीत त्याचं जे व्हायचं तेच झालं.

"बोला पुतणे," अध्यक्ष म्हणाले. त्यांची सर्दी आता खोकल्यावर गेली होती.

"त्याचं असं आहे," पुतण्या म्हणाला, "पेन्सिल..."

"पुतण्यांना पेन्सिल द्या रे!"

शिपायाने पेन्सिल आणून दिली. नवी होती, टोक केलेली. पुतण्याने ती हातात घेतली. समोर गोल होता, ज्याचं खालचं टोक दिसत नव्हतं. त्याला कप्तानाचे पत्ते आठवले, उंदरांनी खाल्लेली बिस्किटं आठवली. मग "एकदा ऐकलं की मी मोकळी" हे आठवलं, आणि डॉक्टरांचा चेहरा आठवला.

"जातो," तो म्हणाला.

"आत्ताच?" सचिवबाई दचकल्या. "ठराव व्हायचाय अजून. बसा हो, चहा येतोय."

"मी नाही. ते. 'जातो' म्हणाले ते. घरच्यांचं तेच म्हणणं आहे."

खोलीत एक समाधानाचा सुस्कारा फिरला. भाषातज्ज्ञांनी डोळे मिटले. ठराव एकमताने झाला, आणि मग समितीच्या अंगात आलं. नुसतं नाव कसं ठेवायचं? आधी 'हुतात्मा' हवं. हुतात्मे इतरही असतात, म्हणून 'हिमवीर' हवं. अर्धं नाव म्हणजे अर्धा मान, तेव्हा वडिलांचं नावही मध्ये यायला हवं. आणि शेवटी 'ध्रुवीय संशोधन व वातावरणीय निरीक्षण केंद्र'. नावाची पाटी तयार झाली तेव्हा ती केंद्राच्या पुढच्या भिंतीत मावेना. आडनाव कोपऱ्यावरून वळवून बाजूच्या भिंतीवर न्यावं लागलं. पुतण्याला पाटी लावायचा सोहळा फोटोत दाखवला गेला. फोटोत काका 'हुतात्मा' आणि 'हिमवीर' होता. पुढचा फोटोबाहेर होता.

बायको म्हणाली होती, काकूला सांगायला कोण येणार आहे? रेडिओ आला.

ठराव झाला त्याच संध्याकाळी पुतण्या मुद्दाम काकूजवळ बसला होता, बातमी आपणच आधी सांगावी म्हणून. पण सांगायची कशी, याची तो जुळवाजुळव करत होता, तेवढ्यात रेडिओवरची बाई म्हणाली, "आपल्या सहकाऱ्यांचे प्राण वाचावेत म्हणून 'जातो' एवढा एकच शब्द उच्चारून हिमवादळात निघून गेलेल्या..." आणि पुढे ते सगळं लांबलचक नाव, स्वच्छ, एकही अडखळ न घेता.

काकूने तिच्या ह्यांचं नाव रेडिओवर ऐकलं. साठ वर्षं तिने त्याचीच वाट पाहिली होती. ते ऐकताना तिचा चेहरा कसा होईल याची पुतण्याने किती वेळा कल्पना केली होती. तसा तो झाला नाही.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

"नाव दिलं काकू. तिसऱ्या केंद्राला."

"ते ऐकलं. हे काय म्हणाले? जाताना?"

"समितीने ठरवलं तसं."

"तू होतास ना समितीत?"

पुतण्या गप्प बसला. खोटं बोलणाऱ्याला गप्प बसायची सोय असते, पण ती आंधळ्यांपुढे फारशी चालत नाही.

"बरोबर आहे," थोड्या वेळाने काकू म्हणाली. आवाजात राग नव्हता, तसा असता तर बरं झालं असतं. "घरच्यांना विचारल्याशिवाय थोडंच सांगतील. तुला कोणीतरी सांगितलं असणार. तुला माहीत असणार केव्हापासूनच. मला एकटीलाच माहीत नव्हतं."

"तसं नाहीये. आचारी म्हणाला, पेन्सिल..."

"राहू दे रे छोट्या. आता कशाला सारवतोस." तिने रेडिओचं बटण चाचपलं आणि बंद केलं. "म्हणजे यायचंच नव्हतं त्यांना."

त्याने सगळं सांगून पाहिलं. पेन्सिल, पत्ते, साखरेचं भांडण, उंदीर. जितकं खरं सांगावं तितकं ते बनावट वाटत होतं. रचलेली गोष्ट किती सुबक होती, आणि खऱ्या गोष्टीत नुसती बिस्किटं होती. काकूने सगळं ऐकून घेतलं, लहानपणी त्याच्या थापा ऐकून घ्यायची तसं.

"वरची कडी लाव," ती म्हणाली.

तो उठला. कडी इतकी गंजली होती की हलेना. बायकोने शिवणयंत्राचं तेल आणून दिलं. ते मुरेपर्यंत तिघंही थांबली, आणि मग कडी करकरत, रडत-खडत एकदाची बसली. काकूने तो आवाज शेवटपर्यंत ऐकला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

त्यानंतर तिने रेडिओ लावला नाही. जेवायला हाक मारली की यायची, विचारलं की उत्तर द्यायची. तिची कुरकुर बंद झाली, आणि घरात ती नसल्यासारखं वाटू लागलं. पुतण्याची बायको मुद्दाम जोरजोरात डोळे फिरवून पाहायची, पण आतून टोमणा येत नसे.

केंद्र सुरू झालं त्या संध्याकाळी पुतण्याने स्वतःच तिच्या खोलीत जाऊन रेडिओ लावला. नाव रोज कानावर पडत राहिलं, रोज त्याच्यापुढे थंडीचा आकडा येत राहिला, तर केव्हातरी तो 'जातो' पुसला जाईल, अशी एक आशा त्याने धरली होती. काकू भिंतीकडे तोंड करून पडली होती. जागी होती. हवामान सुरू झालं, तेव्हा तिची मान किंचित वळली, हे त्याने पाहिलं.

"आता दक्षिणेची केंद्रं," रेडिओवरची बाई म्हणाली. "केंद्र एक, उणे छत्तीस. केंद्र दोन, उणे चाळीस. केंद्र तीन, उणे त्रेचाळीस. हवामान संपलं."

काकूची मान परत भिंतीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने रेडिओ केंद्राला फोन लावला. तिथल्या माणसाने शांतपणे समजावून सांगितलं. तिसऱ्या केंद्राचं पूर्ण नाव घेतलं की पुढच्या जाहिरातीची वेळ खाल्ली जात होती, आणि एकाचंच नाव गाळणं बरं दिसलं नसतं, म्हणून तिन्ही केंद्रांना नंबर दिले. हवामानाला एकूण नव्वद सेकंद असतात.